बंब सुटेल हो, पण थांबेल का?

जुन्या बंबाचं इंजिन सुरू करणं हे मिस्त्री लोकांचं आवडतं काम. डिझेलची लाइन साफ केली, नवी बॅटरी जोडली, दोन-चार वेळा सेल्फ मारला की वर्षानुवर्षं उभी असलेली गाडीही काळा धूर सोडत जागी होते. बघे टाळ्या वाजवतात, मोबाइलवर व्हिडिओ निघतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पोटात हजारो लिटर पाणी घेऊन निघालेलं हे धूड थांबवायचं कसं? जुन्या गाड्या जतन करणाऱ्या कुणालाही विचारा. लाल रंग होऊन जातो, पितळी घंटा घासून लखलखते, शिडीला नवं लाकूडही मिळतं. काम अडतं ते ब्रेकपाशी, आणि ब्रेकमध्येही इंचभर व्यासाच्या एका रबरी वॉशरपाशी.

नाशिकमध्ये बसून असे पार्ट शोधायचे तर वाट कुठून कुठून जाते आणि त्या वाटेवर काय काय गमती भेटतात, त्यांचा हा फेरफटका.

पळाली कमी, म्हातारी जास्त

आगीचा बंब हा ट्रकच असतो, पण त्याचं आयुष्य ट्रकच्या उलटं. मालाचा ट्रक भरून जातो आणि कधी तरी रिकामा परततो. बंब मात्र कायम भरलेला. अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये नुसता उभा असतानाही त्याच्या टाकीत पाणी असतंच. एका लिटरचं वजन एक किलो, म्हणजे साडेचार हजार लिटरची टाकी म्हटली की साडेचार टन ओझं स्प्रिंगांवर आणि चाकांवर चोवीस तास. शिवाय हे ओझं जागेवर बसत नाही. ब्रेक दाबला की पाणी पुढे धावतं, वळण घेतलं की बाजूला. म्हणून टाकीच्या आत भोकं पाडलेले पत्र्याचे आडवे पडदे असतात. ते पाण्याची धाव मोडतात, तरी थोडा धक्का ब्रेकला सोसावाच लागतो.

आता दुसरी गंमत. बंब एकूण पळतो किती? शहरातल्या शहरात, आग लागली तर. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांच्या बंबाचं मीटर पाहिलं तर ट्रकवाल्यांना ते खोटं वाटेल इतकं कमी असतं. ब्रेकचे लायनर अनेकदा निम्मेही झिजलेले नसतात. बघणारा खूश होतो आणि तिथेच फसतो. लायनर किलोमीटरने झिजतो, रबर मात्र वर्षांनी मरतं. गाडी उभी राहिली तरी रबर कडक होत जातं, तडकतं, आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून सिलिंडरच्या आत गंज धरवतं. कमी पळालेल्या गाडीचे ब्रेक चांगले असतील हा समज बंबाच्या बाबतीत सरळ धोकादायक आहे.

हँडब्रेकची कथा आणखी वेगळी. इतर गाड्यांत तो पार्किंगपुरता. बंबात आगीच्या जागी इंजिनच पंप फिरवतं, म्हणजे गाडी जागेवर उभी आणि इंजिन तासन् तास जोरात चालू. तेवढा वेळ तिला धरून ठेवायचं काम हँडब्रेकचं आणि चाकाखालच्या ठोकळ्यांचं. जुना बंब तपासताना पहिला हात हँडब्रेकच्या दांडीला लावावा.

जुने बूट, एरंडेल आणि कातडं

ब्रेक लायनरचा इतिहास बुटांपासून सुरू होतो, हे कळल्यावर माझा तर विश्वासच बसेना. इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुने बूट ठोकत. कातड्याची पकड लाकडापेक्षा चांगली. हे पाहून हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ साली ब्रेकच्या अस्तराचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे फेरोडो हे नाव जगभर गेलं. आपल्याकडे घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. जुन्या गॅरेजवाल्यांच्या तोंडी आजही ‘फेरोडोचा लायनर’ हे शब्द आदराने येतात.

तेलावर चालणाऱ्या ब्रेकची जन्मकथाही अशीच. अमेरिकेतल्या माल्कम लॉकहीडने पहिल्या महायुद्धाच्या काळात हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांच्या लॉकहीड कंपनीशी जोडलेला ॲलन लॉकहीड हा त्याचा सख्खा भाऊ. एका भावाने माणसांना उडवलं, दुसऱ्याने थांबवलं. माल्कमच्या सुरुवातीच्या ब्रेकमध्ये वॉशर कातड्याचे होते आणि ते गळायचे. ते रबराचे करून घेतल्यावर १९२४च्या क्रायस्लर गाडीत हे ब्रेक विश्वासाने बसवले गेले.

आणि त्या ब्रेकमध्ये तेल कुठलं? एरंडेल! अल्कोहोल मिसळलेलं एरंडेल हे कित्येक वर्षं ब्रेक ऑइलचं मुख्य अंग होतं. कारण सरळ आहे. खनिज तेल लागलं की नैसर्गिक रबर फुगतं, एरंडेलाने फुगत नाही. आजही ब्रेकचे रबर बसवताना जे लाल रंगाचं खास ग्रीस वापरतात, त्याचा पाया एरंडेलच असतो. म्हणून ब्रेकच्या सिलिंडरमध्ये साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइलचं बोटही लावायचं नाही. नवे कोरे वॉशर काही दिवसांत फुगून बसतात आणि ब्रेक दाबलेलाच राहतो.

एक किस्सा जाता जाता. सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असत. १९२०च्या दशकात चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या पाठीवर लाल त्रिकोणी खूण लावायची पद्धत पडली. ही गाडी झटकन थांबते, अंतर ठेवा, असा मागच्याला इशारा!

निजामाचा बंब, जन्म १९१४

जुना बंब जिवंत ठेवता येतो याचा भारतातला सर्वांत देखणा पुरावा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. जॉन मॉरिस अँड सन्स या सॅलफर्डच्या कंपनीने १९१४ साली बांधलेला बंब. मँचेस्टरला लागूनच असलेल्या गावातून तो आला हैदराबादेत, निजामाच्या रेल्वेच्या सेवेत. या रेल्वेशी आपल्या जिल्ह्याचं नातं आहे. सिकंदराबादहून निघणारा तिचा मीटर गेज मार्ग येऊन टेकायचा तो आपल्या मनमाडला.

या बंबाचे टायर भरीव रबराचे, हवा भरायची सोयच नाही. इंजिन हँडल मारून सुरू करायचं. आणि तरीही तो दिल्लीच्या स्टेट्समन व्हिंटेज रॅलीत रस्त्यावर उतरून लोकांची मनं जिंकत आला आहे. जगात अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही उरलेल्या नाहीत. भरीव टायर, जुन्या काळचे ब्रेक आणि दिल्लीचा रस्ता, हे गणित जुळवून आणणाऱ्या रेल्वेच्या कारागिरांना माझा सलाम. आपल्या भागात बहुतेक बंब याच्या निम्म्या वयाचेही नाहीत, तरी ‘पार्ट मिळत नाहीत’ म्हणून ते गंजत पडतात. १९१४चा बंब चालू शकतो, तर १९६४चा का नाही?

गाडी एकाची, ब्रेक दुसऱ्याचा

पार्ट शोधताना पहिली चूक होते ती दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगण्याची. ‘बेडफर्डचा व्हील सिलिंडर आहे का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘साहेब, ती गाडी बंद झाली.’ बंब हा मुळात जोडून केलेला प्राणी. चेसिस एका कंपनीची, वरची बॉडी दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा. आणि चेसिसच्या कंपनीनेही ब्रेक बहुधा बाहेरूनच घेतलेले. लॉकहीड, गर्लिंग, क्लेटन ड्युवांद्रे ही नावं एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत सापडतात. त्यामुळे जाणता मिस्त्री नाव विचारत नाही, माप विचारतो. सिलिंडरचा बोअर किती? एक इंच, सव्वा इंच, दीड इंच? व्हर्निअर लावा, बाहेरच्या कास्टिंगवर उमटलेले आकडे कागदावर घासून उतरवून घ्या, आणि मगच बाजारात जा. ज्या मापाचा वॉशर बंबाला लागतो, तोच कुठल्या तरी ट्रॅक्टरला, टेम्पोला किंवा जुन्या बसला लागत असण्याची शक्यता भरपूर असते.

आपल्याकडे कुठल्या कुठल्या चेसिस आल्या याचा हिशेब मोठा रंजक आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि फार्गोचे ट्रक जोडले. बेडफर्ड पुढे हिंदुस्तान मोटर्सने बनवल्या. टाटांनी १९५४ साली डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि रस्त्यावर तीन टोकी चांदणीचे टाटा-मर्सिडीज ट्रक आले. अशोक लेलँडचे ट्रक दक्षिणेतून आले ते वेगळेच. थोडक्यात, ब्रिटिश, अमेरिकन आणि जर्मन अशा तीन घराण्यांची मापं एकाच गॅरेजात.

इथे खरी फजिती पाना-बोल्टची होते. ब्रिटिश गाड्यांच्या आट्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ठरवून दिलेल्या, ५५ अंशांच्या. अमेरिकन आणि मेट्रिक आट्या ६० अंशांच्या. वरवर पाहिलं तर बोल्ट दोन-तीन आट्या आत जातो, मग अडतो. जोर लावला की सिलिंडरच्या आट्या गेल्या. व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, डोक्याचा नाही. म्हणून अर्धा इंच लिहिलेला पाना हातात घेतल्यावर नवखा पोरगा गोंधळून जातो, कारण तोंड अर्ध्या इंचापेक्षा बरंच मोठं असतं. भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला, पण गॅरेजात सूत अजून जिवंत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ‘चार सुती बोल्ट आण’ म्हटलं की नाशिकचा हार्डवेअरवाला न चुकता अर्धा इंची काढून देतो. जुन्या ब्रिटिश बंबासाठी सुताची भाषा येणारा माणूस सोन्याच्या मोलाचा.

आणखी एक फसवं प्रकरण म्हणजे उलट्या आट्या. त्या काळच्या पुष्कळ ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलटे फिरवून सुटतात, फिरत्या चाकाने ते आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. हे माहीत नसलेला माणूस पाइप घालून जोर लावतो आणि स्टड तोडून बसतो. ब्रेकपर्यंत पोहोचायच्या आधीच एका नव्या पार्टचा शोध सुरू!

नखाची कसोटी

आता एक व्हील सिलिंडर उघडून पाहू. ड्रम निघाला, शू बाजूला केले, आणि हातात आला बिडाचा एक ठेंगणा नळा. दोन्ही टोकांना धुळीपासून वाचवणारी रबरी टोपी. ती बोट लावताच तुटून पडते. आत पिस्टन घट्ट धरलेला. त्यावर ब्रेक ऑइलच सोडून रात्रभर ठेवायचं, दुसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत बाहेर काढायचा. पिस्टनमागून येतो कपासारखा रबरी वॉशर, मग एक बारीक स्प्रिंग, मग पुन्हा वॉशर, पुन्हा पिस्टन. आणि तळाशी चहाच्या चोथ्यासारखा काळा-तांबडा गाळ. तो म्हणजे इतक्या वर्षांचा ओलावा आणि गंज.

नळा स्पिरिटने धुतला, उजेडाकडे धरला, आत पाहिलं. भिंतीवर काळे ठिपके दिसतात. मिस्त्री करंगळी आत घालतो आणि नख फिरवतो. नख सरकलं तर होनिंगच्या दगडाने घासून काम भागतं. नख अडकलं तर खड्डा खोल आहे, नवा वॉशर तिथून गळणारच. मग उपाय एकच, स्लीव्ह मारायची. लेथवर बोअर मोठा करायचा, त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची नळी दाबून बसवायची आणि ती आतून पुन्हा मूळ मापाला आणायची. पितळ किंवा स्टेनलेस गंजत नाही, त्यामुळे दुरुस्त केलेला सिलिंडर कारखान्यातल्या नव्यापेक्षा जास्त टिकतो. जगभरातले जुन्या गाड्यांचे शौकीन हेच करतात. यासाठी लागतो एक चांगला टर्नर, आणि सातपूर-अंबडमध्ये चांगल्या टर्नरचा दुष्काळ कधीच नव्हता.

बाजारात गेलात तर

नाशिककरांच्या मनातला पहिला पत्ता म्हणजे अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार. महापालिकेने तो जानेवारी २०१७ मध्ये हटवला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा एकदा मोठी कारवाई झाली. अतिक्रमणाचा प्रश्न खरा होता, त्यावर वाद नाही. पण जुन्या पार्टचा माग काढणाऱ्याला आता घराजवळचा तो पत्ता उरला नाही, हेही खरं.

मग पुढचा टप्पा मुंबई. कुर्ल्याचा सीएसटी रोड, जुन्या लोखंडासाठी चोर बाजार. त्याच्याही पुढे देशात मोठमोठी ठिकाणं आहेत: दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मल्लिक बाजार. मेरठचा सोतीगंज एके काळी या सगळ्यांचा दादा समजला जायचा, पण चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जात म्हणून पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये तो बंद पाडला. यावरून एक पथ्य पाळावं: पार्ट कितीही दुर्मीळ असो, पावती घेऊनच घ्यावा.

महाराष्ट्रात दुसरी खाण आहे एसटीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्डच होती. त्या सुरुवातीच्या ताफ्यात शेवरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर अशा किती तरी जातींच्या गाड्या होत्या. पुणे-महाबळेश्वर मार्गावरच्या दोन आरामगाड्यांची नावं तर ‘नीलकमल’ आणि ‘गिर्यारोहिणी’. जुन्या बंबांच्या चेसिस पाहिल्या तर याच घराण्यांतल्या. म्हणून एसटीच्या कार्यशाळांतून निवृत्त झालेले मेकॅनिक हे चालतेबोलते पार्ट कॅटलॉग आहेत. त्यांच्याकडे पार्ट नसेल, पण तो कशाला जुळतो हे त्यांना तोंडपाठ असतं. माझं मत विचाराल तर महागड्या परदेशी पार्सलाआधी अशा एका काकांच्या घरी चहाला जाणं जास्त उपयोगाचं.

बाजारातली सर्वांत मोठी मोहिनी म्हणजे जुना पण न वापरलेला, पाकीटबंद माल. पिवळ्या पडलेल्या खोक्यात, मेणकागदात गुंडाळलेला, चाळीस वर्षांपूर्वीचा ‘ओरिजिनल’. हातात घेतला की अंगावर काटा येतो. लोखंडी पार्ट असेल, म्हणजे पिस्टन, स्प्रिंग, शू, तर डोळे मिटून घ्या. रबर असेल तर सोडून द्या. पाकिटातही रबराचं वय वाढतच असतं. हे एवढं कळलं तर निम्मे पैसे आणि कदाचित एखादा जीवही वाचतो.

नाहीच मिळाला? बनवा

इथे महाराष्ट्राचं नशीब थोर आहे. ब्रेक ड्रम फुटला आणि जोडीदार कुठेच मिळेना, तर कोल्हापूर गाठायचं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बिडाचं कास्टिंग कसं करायचं हे कुणी शिकवायला नको. पण एक मेख आहे. जुना ड्रमच वाळूत दाबून साचा केला तर नवा ड्रम लहान निघतो, कारण बीड थंड होताना आकसतं. फुटामागे साधारण एक सूत! म्हणून लाकडी पॅटर्न आधीच तेवढा मोठा करावा लागतो, वर लेथवर काढायला मटेरियल सोडावं लागतं. फुटलेल्या ड्रमला वेल्डिंग मारून वापरणं मात्र कटाक्षाने टाळायचं. तापला की तो त्याच जागी पुन्हा फुटतो.

लायनरचं काम गावातच होतं. ट्रकचे लायनर रिव्हेटने ठोकणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातातली खुबी बघण्यासारखी: रिव्हेट मधून सुरू करून कडेकडे जायचे, म्हणजे लायनर शूला सपाट बसतो, मध्ये फुगा राहत नाही. त्यानंतर लायनरची गोलाई ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासायची. हे टाळलं तर नवा कोरा लायनर टोकांवरच टेकतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

इथे एक गोष्ट अगदी गांभीर्याने. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, कधी पितळी तारेसह विणलेलं. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन अनेक वर्षांनंतर कॅन्सर होऊ शकतो. ड्रम उघडल्यावर कंप्रेसरची हवा मारून धूळ उडवायची सवय आपल्या गॅरेजांत सर्रास आहे. ती आजच थांबवा. पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. आणि नवा लायनर बिनॲस्बेस्टॉसचा घ्या. जतन करायची आहे गाडी, तिचं विष नाही.

रबरी वॉशरही बनवून मिळतात, पण ब्रेक ऑइलला टिकणाऱ्या रबराचेच, आणि तेही ज्याचं हेच काम आहे त्याच्याकडून. पाण्याच्या पंपाचे वॉशर बनवणाऱ्याकडून ब्रेकचा वॉशर घेणं म्हणजे जिवाशी खेळ. नळ्यांचंही तसंच. तांब्याची नळी वाकवायला सोपी आणि दिसायला सुंदर, पण सततच्या थरथरीने तांबं कडक होऊन तडकतं. ब्रेकला स्टीलची किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळीच हवी. तांब्या-पितळेची हौस पुरवायला घंटा आहे, नोझल आहेत. त्यांच्यासाठी जुन्या नाशकातल्या भांडी बाजाराइतका चांगला पत्ता दुसरा नाही.

दाब… धर… सोड

सगळं बसलं, तेल भरलं, तरी पाय दाबला की पेडल लोण्यासारखं खाली जातं. लाइनमध्ये हवा आहे. तेल दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर ती हवा खाऊन टाकते. ती काढायला दोन माणसं लागतात. एक वर पेडलवर, दुसरा खाली चाकाशी बाटली आणि पारदर्शक नळी घेऊन. खालून आवाज येतो: ‘दाब… धर!’ बोल्ट ढिला होतो, नळीतून तेलाबरोबर बुडबुडे येतात, बोल्ट आवळला जातो, मग ‘सोड’. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. बुडबुडे थांबले आणि पेडल दगडासारखं लागलं, की गाडीखालच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

ब्रेक ऑइलचा एक आकडा लक्षात ठेवा. डॉट-३ जातीचं ताजं तेल २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. ओलावा शोषल्यावर तोच आकडा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. उतारावर ड्रम तापले, तेल उकळलं, त्याची वाफ झाली, की पुन्हा तीच हवेची कथा, फक्त आता चालत्या गाडीत. म्हणून नव्याने उभ्या केलेल्या बंबाला कसारा घाट दाखवायची घाई करू नये. रेल्वेचा थळ घाट १:३७ चढाचा, तिथे गाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. शेजारच्या रस्त्याचा उतारही ट्रकवाल्यांच्या चांगला ओळखीचा आहे. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. आणि ज्या जुन्या गाडीचे ब्रेक इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत घेतात, तिथे उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणं म्हणजे दोन-तीन दाबांत ती मदत संपवणं. पहिली चाचणी रिकाम्या टाकीने, सपाट मैदानात, चालण्याच्या वेगाने. मग अर्धी टाकी. मग पूर्ण.

कायद्याच्या फटीतला बंब

एवढं सगळं करून गाडी रस्त्यावर आणायची म्हटलं तर आणखी एक अडथळा आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. चांगला निर्णय. पण त्यात बसतात दुचाकी आणि प्रवासी मोटारी. ट्रक आणि बंब त्या व्याख्येत येतच नाहीत. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महापालिकांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या अधिकृत भंगार केंद्राकडे जातात. प्रदूषणाच्या दृष्टीने हे योग्यच. पण याचा अर्थ असाही की ज्या बंबाला पन्नास वर्षांचा होऊन वारसा ठरायचं आहे, तो पंधराव्या वर्षीच तोडला जाणार. व्हिंटेजच्या व्याख्येत अग्निशमन वाहनांचा समावेश व्हायलाच हवा.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या सप्ताहात शिंगाडा तलावाच्या अग्निशमन मुख्यालयात किंवा तुमच्या गावच्या केंद्रात मुलांना घेऊन जरूर जा. आवारात कोपऱ्यात एखादा जुना बंब उभा दिसला तर अधिकाऱ्यांना त्याचं वय विचारा आणि तो जतन करण्याची मागणी लेखी द्या. आणि तुमच्या घराच्या माळ्यावर, बंद पडलेल्या गॅरेजात जुन्या ट्रकांचे पार्ट, व्हिटवर्थचे पाने किंवा कंपनीची पार्ट-पुस्तकं पडून असतील, तर ती किलोवर विकण्याआधी एकदा जवळच्या अग्निशमन केंद्रात किंवा जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडे चौकशी करा. पार्ट-पुस्तक सर्वांत आधी.